तुझ्या वाक्याचा उत्तरार्ध

मंगळवारी सकाळी रेडिओवर बातम्या चालू असताना तू गेलास.

मी समोरच बसले होते, मेथी निवडत. बातम्या चालू असताना बोलायचं नाही हा आपल्या घरचा नियम, म्हणून मी बोलले नाही. तुझी मान रेडिओकडे कललेली होती, पण ती रोजच तशी असायची. बातम्या झाल्या, मंडीतले भाव झाले, हवामान झालं, आणि मग मी म्हटलं, "आजही नाहीच आलं ना, दादा?" तू उत्तर दिलं नाहीस.

भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, नेमके केव्हा गेले? मला सांगता येत नाही. बातम्या सुरू झाल्या तेव्हा तू हात पुढे करून आवाज वाढवलास, आणि संपल्या तेव्हा तू नव्हतास. याहून जास्त मला माहीत नाही. जास्त सांगितलं तर ते पदरचं होईल.

हा शब्द आपल्या घरात बाबांनी आणला. होळकरांच्या कचेरीत ते नक्कलनवीस होते, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांचे कागद जसेच्या तसे उतरवायचे. उतरवताना एखादं अक्षर पदरचं पडलं तर नोकरी जायची. संस्थान गेलं, कचेरी गेली, पण बाबांनी ती शिस्त घरी आणून रेडिओपुढे बसवली. बातम्या संपल्या की एकानं सगळ्या पुन्हा सांगायच्या, बाकीच्यांनी ऐकायच्या, आणि सांगताना ज्यानं पदरचं काही घातलं त्यानं दुसरा चहा करायचा. बाबा गेले, आई गेली, तुझी वहिनी आली नि लवकर गेली, मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त होऊन कायमची तुझ्याकडे राहायला आले, तरी खेळ चालूच राहिला. मी बहुतेक हरायचे. सत्तरीच्या बाईला 'बेबी, चहा!' अशी हाक मारणारा इंदुरात तू एकटाच होतास. तू हरलास ते मला एकदाच आठवतं. रेडिओ नुसता 'वर्षा' म्हणाला होता आणि तू सांगताना 'जोरदार' घातलंस. निमूट उठून चहा केलास. साखर घालायला विसरलास आणि मी तसाच प्यायले, कारण असे क्षण काही रोज येत नाहीत.

वहिनी म्हटलं मी वर, आणि 'तुझी' म्हटलं. बघ, तू असतास तर लगेच बोट वर केलं असतंस. वहिनी माझी, बायको तुझी. असू दे, खोडत नाही.

त्या दिवशी रेडिओवर आलं नाही असं मी जे म्हणाले, ते तुझ्या वाक्याचा दुसरा भाग. त्याची वाट बघत तू गेलास, असं मी म्हणणार नाही. त्याची वाट बघत होतास, आणि गेलास. एवढं नक्की.

रेवा तुझ्याकडे वकिली शिकायला पहिल्यांदा आली तेव्हा काळा कोटसुद्धा मोठ्या बहिणीचा घालून आली होती, बाह्या दुमडून. देवासजवळच्या खेड्यातली मुलगी, घरात मालवी बोलणारी. तुझ्या ऑफिसात बसून मराठी शिकली, तीही अशी की तुझे कारकून मुन्शीजी हसायचे. "सर, मी उद्या येते हाँ, पक्का." तू तिला पहिल्या दिवशी जे सांगितलंस ते मी आतून ऐकलं होतं. "देखो रेवा, कोर्टात उभं राहिलं की आधी समोरच्याचं जे खरं आहे ते मान्य कर. पूर्ण. कंजूसी नाही. मग आपलं सांग. जज समझ जाता है की यह आदमी झूठ नहीं बोलेगा." तू आयुष्यभर तसाच लढलास. आधी हरायचास, मग जिंकायचास. समोरचा वकील तुझा पहिला अर्धा भाग ऐकून खूश होऊन खाली बसायचा, असं मुन्शीजी सांगत. न्यायाधीशांना ठाऊक असायचं की दुसरा भाग यायचाय. ते थांबायचे.

मागच्या उन्हाळ्यात उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी रेवाचं नाव सुचवलं गेलं. सकाळी रेडिओनं सांगितलं, 'इंदौर की वकील बनीं हाईकोर्ट की जज.' बातम्या संपेपर्यंत तू नियम पाळलास, पण तुझा चेहरा बघून मी मेथी, की काय होतं ते, बाजूला ठेवलं. "बनीं?" तू म्हणालास. "कुठून बनीं? नाव गेलंय फक्त. वरून सरकारकडे जाईल, तिथे अटकेल, सुटेल, परत येईल. रस्त्यात असलेल्या माणसाला हे लोक घरी पोचवून मोकळे." तासाभरात समोरचे अग्रवालजी पेढे घेऊन आले, राजवाड्याहून खास आणलेले. "भिया, बधाई! आपकी बिटिया जज बन गई!" तू हात जोडलेस आणि पेढा घेतला नाहीस. "बनने दो, अग्रवालजी. तब दो खाऊँगा." ते दारात अवघडून उभे राहिले. मी दोन पेढे घेतले, एक माझा नि एक तुझ्या नावचा, आणि ते गेल्यावर तुझ्यावर चिडले. आनंदाच्या बातमीतही वजाबाकी कशाला करतोस, म्हटलं. तू म्हणालास, "बेबी, जी बातमी चांगल्यासाठी ढिली चालते ना, ती वाइटासाठीही ढिलीच चालणार."

तेव्हा मला तो तुझा नेहमीचा हेका वाटला होता.

पावसाळा सरता सरता रेडिओचा आवाज बदलला. आधी 'सूत्रों के अनुसार' आलं. मग नावामागे 'चर्चित' लागलं, मग 'विवादित'. मग एका सकाळी: 'जज पद के लिए प्रस्तावित वकील, जिनका नाम प्लॉट घोटाले में भी आया था.' तू कप खाली ठेवलास. मी बघत होते. कप बशीच्या बाहेर ठेवला गेला.

तिचं नाव आलं होतं हे खरंच. वकालतनाम्यावर. गृहनिर्माण संस्थेचे तेच ते प्लॉट चार-चार लोकांना विकणाऱ्या टोळीतला एक हिशेबनीस होता. त्याला वकील परवडत नव्हता, म्हणून कोर्टानं रेवाला नेमलं, आणि ती उभी राहिली. त्याला शिक्षा झाली. एवढीच गोष्ट.

तू रेडिओ स्टेशनला फोन केलास. पलीकडे एक मुलगी होती, आवाज गोड, अगदी अदबीचा. मी स्पीकरवर ऐकलं.

"सर, हमने तो कहा ही नहीं कि वो आरोपी हैं."

"बेटा, तुमने यह भी नहीं कहा कि वो वकील थीं."

"सर, नाम तो आया था ना?"

"आया था."

"तो सर, गलत क्या है?"

तुझ्यासारख्या माणसाला गप्प करणारा तो प्रश्न होता, कारण शब्द एकेकटा धरला तर खरोखरच काही चूक नव्हतं. फोन ठेवून तू मला म्हणालास, "खोटं असतं तर खोडता आलं असतं." नंतर बराच वेळ गॅलरीत उभा राहिलास. मला त्या दिवसापासून घरात काहीतरी आल्यासारखं वाटायला लागलं. दार उघडं राहिलं की कुत्रं आत येऊन कुठेतरी बसतं, दिसत नाही, पण आहे हे कळतं, तसं.

आणि ते बाहेरही दिसायला लागलं. भाजीवाली म्हणाली, "बाबूजी की वो दागी वाली मैडम का क्या हुआ?" तिला दोष देत नाही. अग्रवालजी सकाळी फिरायला जाताना आपल्या फाटकापाशी वेग वाढवायला लागले. एक माणूस मोटरसायकलवरून आला, हेल्मेट न काढता पाटी वाचली, आणि मला विचारलं, "वकील साहब यहीं रहते हैं?" मी म्हटलं, हो, काय काम? "काम कुछ नहीं, माताजी. बस देखना था." निघून गेला. तुला सांगितलं तर म्हणालास, "पत्ता तर बरोबर आहे त्याच्याकडे. चला, कुणीतरी एक गोष्ट अचूक केली." मी हसले. रात्री कडी दोनदा बघितली.

मग त्या गोड आवाजाच्या मुलीचाच फोन आला. सर, आप ही बोल दीजिए, आपकी बाइट चला देंगे, बात साफ हो जाएगी. तुला इतका आनंद झालेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. दाढी केलीस. रेडिओसाठी दाढी! मी म्हटलं, "दादा, एकच सांग. ती स्वच्छ आहे, बस्स." तू चिडलास.

"ते मत झालं, बेबी. शिष्येबद्दल गुरूचं मत. त्याला कोण विचारतो?"

"लोकांना तेवढंच कळतं."

"लोकांना पूर्ण कळतं. सांगणारा अर्धवट असतो."

हाच आपला शेवटचा वाद. तो संपला नाही, कारण फोन वाजला. तू उभा राहून बोललास, कोर्टात उभा राहायचास तसा, एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून. तुझं वाक्य मी जसंच्या तसं लिहिते: "उस मुकदमे में आरोप गंभीर थे और सही थे, यह अदालत ने माना, पर आरोप रेवा पर नहीं थे, उसके मुवक्किल पर थे, और रेवा को अदालत ने ही उसका वकील बनाया था."

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण दोघं बसलो. 'प्रस्तावित जज पर उनके अपने वरिष्ठ ने तोड़ी चुप्पी,' बातम्या देणारी बाई म्हणाली, आणि मग तुझा आवाज आला. आपल्या खोलीत, तुझ्या समोर, तुझाच आवाज. "उस मुकदमे में आरोप गंभीर थे और सही थे, यह अदालत ने माना."

मग क्रिकेट.

बातम्या संपेपर्यंत तू बोलला नाहीस. त्याही दिवशी नियम पाळलास. संपल्यावर मीच म्हटलं, दादा. तू म्हणालास, "पुढच्या बुलेटिनला येईल दुसरा भाग. वेळ कमी पडला असेल."

तू तो अर्धा भाग आधी का ठेवलास, हे इंदुरात फक्त कोर्टातल्या माणसांना कळलं असतं. समोरच्याचं खरं आधी, पूर्ण, कंजूसी नाही. पन्नास वर्षं ज्या सवयीनं तू माणसं सोडवलीस, त्याच सवयीनं ते वाक्य मधोमध कापायला सोपं करून दिलंस. हे मी तेव्हा तोंडातून काढलं नाही. आता लिहिते आहे, तर तुझा आवाज ऐकू येतोय: कापणाऱ्याला सोड आणि बोलणाऱ्याला पकड, वा गं बेबी. नाही, दादा. पकडत नाही. तुझं वाक्य बरोबर होतं. फक्त ते थांबणाऱ्या माणसांसाठी होतं, आणि समोर थांबणारं कुणी नव्हतं.

तू रेवाला फोन केलेस. तिनं घेतले नाहीत. तू माफी मागणार होतास का? मी विचारलं तर म्हणालास, "माफी कशाची? मी खोटं काय बोललो?" आणि लगेच परत फोन लावलास. माझ्या मते त्यातच सगळं आलं, पण हे माझं मत. स्टेशननं तुझा फोन घेणं बंद केलं. त्यानंतर तू रोज सकाळी फक्त त्या दुसऱ्या भागासाठी बसायचास. बातम्या पुन्हा सांगायचा खेळ बंद पडला. चहा मीच करायचे, हरल्याशिवाय.

तू गेलास त्या संध्याकाळी, अजून घरात माणसं होती, दूरच्या भाच्यानं मोबाईलवर तेच स्टेशन लावलं. त्याला थांबवायचं मला सुचलं नाही. 'प्रस्तावित जज के नाम पर सवाल उठाने वाले वरिष्ठ वकील का निधन. बताया जाता है, वे पिछले कुछ समय से दबाव में थे.'

मग सगळे एकदम बोलायला लागले. दबाव होता का? कुणाचा? तुम्हाला काही बोलले? मी म्हटलं, दबाव नव्हता, त्यांचं हृदय आधीपासून कमजोर होतं, औषध चालू होतं. एक मामेबहीण मला जवळ घेऊन म्हणाली, "तू घाबरू नको गं, आम्ही आहोत." मी घाबरले नव्हते. तिनं म्हटल्यावर घाबरले.

तो हेल्मेटवाला माणूस दुसऱ्या दिवशी आला. या वेळी पांढरा शर्ट, हेल्मेट मांडीवर. सतरंजीवर बसला, तुझ्या फोटोला हात जोडले, पाणी नको म्हणाला. उठताना हलकेच विचारलं, "माताजी, जाने से पहले कुछ बोले थे? किसी का नाम?" मी नाही म्हटलं. त्यानं मान हलवली, जणू हो म्हटलं.

तेव्हा मला पुरतं दिसलं, दादा. तू जगत होतास तोवर त्यांच्याकडे तुझं अर्धं वाक्य होतं. आता त्यांच्याकडे तुझं मरणही होतं, आणि तेही रेवाच्या नावापुढेच ठेवलं जाणार होतं. ते खोडायला तू उरला नव्हतास.

म्हणून त्या मुलीचा फोन आला तेव्हा मी घेतला. तुला आश्चर्य वाटेल. मी, जी ग्रंथालयात चाळीस वर्षं लोकांना 'हळू' एवढंच म्हणत आले.

"आंटीजी, बहुत दुख हुआ. एक छोटी सी बाइट दे दीजिए? सर कितने दबाव में थे, कुछ भी."

मी फोन येईल हे गृहीत धरून आधीच ठरवून ठेवलं होतं. मध्ये कुठे कापताच येणार नाही असं वाक्य. मी म्हटलं, "लिखिए. रेवा पर कोई आरोप नहीं था."

ती थांबली. "जी. और?"

"और कुछ नहीं."

"पर आंटीजी, इसमें तो कुछ है ही नहीं. सर के बारे में?"

"उन्होंने भी यही कहा था."

"ठीक है आंटीजी, देखते हैं." आवाज अजूनही गोड होता.

ते लागलं नाही. सकाळी नाही, संध्याकाळी नाही. तुझं वाक्य कापता आलं म्हणून लागलं, माझं कापता आलं नाही म्हणून लागलं नाही. आपला शेवटचा वाद कोण जिंकलं? मला वाटलं होतं, मी सांगते तसं छोटं बोलला असतास तर वाचला असतास. आता तेही म्हणता येत नाही. दोघंही हरलो, दादा. चहा कुणी करायचा?

काल दुपारी रेवा आली. गाडी लांब, मंदिरापाशी लावून चालत आली होती. मला वाटलं रडेल, रडली नाही. तुझ्या खुर्चीकडे पाहून खाली सतरंजीवरच बसली. केस पांढरे झालेत तिचे कानांपाशी, मला कधी दिसलेच नव्हते.

"दीदी, मी फोन नाही घेतला सरचा. सगळे म्हणाले, उचलशील तर रेकॉर्ड होईल, चालवून देतील. मैं डर गई."

मी म्हटलं, त्याला कळलं असेल. मग सुधारलं: "कळलं का ते मला माहीत नाही. रागावला नव्हता. ते माहीत आहे."

ती जरा वेळ नखानं सतरंजी खरवडत राहिली. "सर पूरा क्या बोले थे, दीदी? आपण तर इथेच होता ना?"

"तुला ठाऊक नाही?"

"आधाच ऐकला सगळ्यांनी. मीसुद्धा." आणि मग खालच्या आवाजात, "मला वाटलं की सर खरंच…" तिनं पुढचं सोडून दिलं.

दादा, तुझ्या रेवानंही तो पहिला अर्धा भाग ऐकून पुढच्यासाठी थांबणं सोडलं होतं. जिला तू थांबायला शिकवलंस तिनं. तेव्हा मला वाटलेली भीती पहिल्यांदाच नुसत्या त्या हेल्मेटवाल्याची नव्हती.

मी तिला तुझं वाक्य सांगितलं. आधीचा भाग, मग 'पर', मग नंतरचा भाग. जसा तू उभा होतास तसा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून सांगितलं, कारण त्याशिवाय मला आठवत नव्हतं. ती ऐकत राहिली. मी म्हटलं, आता तू सांग. आपल्या घरचा खेळ तिला माहीत होता, ऑफिसात मुन्शीजींना तू तसंच छळायचास.

तिनं सांगितलं. अक्षर न् अक्षर. 'रेवा पर नहीं थे' इथेही शब्द बदलला नाही. पदरचं काहीही नव्हतं. माझ्या सांगण्यातही नव्हतं. कुणीच हरलं नाही, त्यामुळे चहा झाला नाही. निघताना तिनं वळून विचारलं, "वो हेल्मेट वाला आया था क्या?" तिच्याकडेही येऊन गेला होता. आम्ही दोघी फाटकापर्यंत गेलो, आणि ती मंदिराच्या बाजूला वळेपर्यंत मी तिथे उभी राहिले. रस्त्यात ओळखीचं कुणी नव्हतं.

आज सकाळी मी रेडिओ लावला. रेवाचं नाव मंजूर झालेलं नाही, परतही आलेलं नाही. तुझं पूर्ण वाक्य आता दोघींना पाठ आहे.